बलाढ्य मोटारीस डिफरन्शियल कोणतें असावें?

मोटारीचें बल एंजिनावरून मोजण्याची आपल्या लोकांस संवय आहे; वस्तुतः तें रस्त्यास टेकलेल्या चाकांपाशीं मोजलें पाहिजे. सुट्टीच्या दिवसांत पुण्या-मुंबईहून केळशीस येणाऱ्या भारी मोटारी पाहून आमचे विद्यार्थी हरखून जातात, व आपणही पुढें अशीच एक घेऊं, असे मनोरथ रचतात. मनोरथांस आमची हरकत नाहीं. परंतु अश्वशक्ति किती हें विचारणारे पुष्कळ, आणि ती चाकांत वांटली कशी जाते हें विचारणारा विरळा. म्हणून हा लेख.

बैलगाडीचीं दोन्ही चाकें आंसावर मोकळीं फिरतात. त्यामुळें वळणावर बाहेरचें चाक अधिक वाट चाललें तरी अडचण पडत नाहीं. मोटारींत चाकांना गति आंसाकडूनच मिळावयाची असल्यामुळें मधें डिफरन्शियल नांवाची दंतचक्रांची रचना लागते. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीनें १८२७ च्या सुमारास तिचें पेटंट घेतलें. तिच्या योगानें चाकांचे फेरे वेगळे होऊं शकतात. परंतु टॉर्क, म्हणजे फिरविणारा जोर, दोहोंकडे सारखाच जातो. गुण हाच आणि दोषही हाच. समजा, शेवाळलेल्या कडेवरचें चाक १० भार जोर पेलतें व कोरड्या डांबरावरचें ६०. तर प्रत्येकास १० च मिळून एकूण २० चें काम होतें. अधिक पेट्रोल दिल्यास निसरडें चाक नुसतें गरगर फिरतें.

एंजिन जितकें दांडगें, तितका हा दोष लवकर प्रकट होतो. ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारीचें एक मागचें चाक ताशीं १०० मैल वेगापर्यंत घसरत असे. म्हणून फर्डिनांड पोर्श यांनीं १९३५ सालीं झेडएफ कंपनीस घसरणीस आळा घालणारें, म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल तयार करावयास सांगितलें.

त्याच्या जाती अनेक आहेत. घर्षणाच्या चकत्यांचें डिफरन्शियल एक चाक अधांतरीं असतांही दुसऱ्यास कांहीं जोर देतें. शर्यतीस तें योग्य. परंतु चकत्या झिजतात, तेल विशिष्टच लागतें. सिलिकोन द्रवाचें मृदु खरें, पण चाक घसरूं लागल्यावर मग जागें होणारें. तिसरें व्हर्नन ग्लीझमन यांचें दंतचक्रांचें टॉर्सन. याचें प्रमाण तीनास एक असल्यास वरील उदाहरणांत १० व ३० मिळून ४० चें काम होतें, म्हणजे दुप्पट. तें निमूटपणें व तत्काळ चालतें. उणीव एवढीच कीं, एक चाक अधांतरीं गेल्यास शून्याची तिप्पट शून्यच.

आमचें मत असें कीं, घाटांतील वळणांवर व पावसाळी रस्त्यांवर चालावयाच्या बलाढ्य मोटारीस टॉर्सनच पसंत करावें. कोणी म्हणतील, घसरत्या चाकास आपोआप ब्रेक लावणारी विजेची युक्ति असतां हा खर्च कशाला? साध्या मोटारीस ती पुरेशी आहे; परंतु तींत शक्तीचा कांहीं भाग ब्रेक तापविण्यांत जातो, आणि शक्ति मोठी तर ताप मोठा. चिखलाच्या वाटेस मात्र जखडणारें डिफरन्शियल हवें. २०२० सालच्या महिंद्र थारच्या कांहीं नमुन्यांत मागचें डिफरन्शियल आपोआप जखडतें. फोर्स गुरखांत चालकास तें स्वतः जखडतां येतें. कोरड्या रस्त्यावर तसेंच वळल्यास टायर व आंस यांस जाच होतो, हें विसरूं नये.

एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. कोणतेंही डिफरन्शियल पकड उत्पन्न करीत नाहीं. असलेली पकड उपयोगांत आणतें. केळशीच्या पुळणीवर ओल्या वाळूंत सगळींच चाकें रुतलीं, म्हणजे वांटावयास कांहीं उरत नाहीं. भरती मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. मग लक्षावधि रुपयांच्या मोटारीचा धनी गांवकऱ्यांच्या दोरखंडाची वाट पाहतो. शिवाय याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी अंडीं घालतात. त्यांवरून चाक नेण्याचा अधिकार कोणत्याही यंत्रानें प्राप्त होत नाहीं.

तेव्हां आधीं चांगले टायर घ्यावे, मग आपल्या रस्त्यास साजेसें डिफरन्शियल निवडावें, आणि पुळणीवर जावयाचें तें पायींच जावें.