पत्र्याखालचा चकाकता पडदा : खर्चास योग्य की अयोग्य?

चैत्र उजाडला म्हणजे विदर्भ, मराठवाडा व खानदेश ह्या भागांतील पत्र्याचे गोठे तापू लागतात. वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो, आणि भर दुपारी पत्र्याखाली उभ्या असलेल्या जनावराची अवस्था भट्टीच्या तोंडाशी उभे असल्यासारखी होते. पूर्वी ह्या भागांत धाब्याची घरे व गवताने शाकारलेले गोठे सर्रास असत. ते थंड असत. परंतु धाब्याला दरसाल माती चोपावी लागे, आणि गवताला शाकारणीचा खर्च व आगीचे भय असे. पन्हळी पत्र्याने हे दोन्ही त्रास मिटविले, मात्र त्यांच्या जागी उन्हाचा त्रास आणून ठेवला.

ह्या त्रासावर उपाय म्हणून पत्र्याच्या खालून लावावयाचा चकाकता पडदा आता बाजारात मिळतो. हवेचे बुडबुडे असलेल्या प्लास्टिकवर किंवा पातळ फोमवर ॲल्युमिनियमचा वर्ख चिकटवून तो तयार करतात. विक्रेते त्याचे गुण मोठ्या उत्साहाने सांगतात, आणि कर्ज काढून संकरित गाय घेतलेला शेतकरी साहजिकच त्याकडे आशेने पाहतो. म्हणूनच ह्या पडद्याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे. हा पडदा निरुपयोगी नाही. परंतु तो पहिला उपाय नव्हे, आणि प्रत्येक गोठ्याला परवडणारा तर नव्हेच.

उष्णता कोणत्या वाटेने येते

सूर्याच्या उन्हाने पत्रा तापतो व तापलेला पत्रा खालच्या बाजूस उष्णकिरण फेकतो. हे किरण हवेतून सरळ जनावराच्या पाठीवर येऊन पडतात. त्यामुळेच गोठ्यात वारा असूनही पाठ भाजते. स्वच्छ ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग आपल्यावर पडणाऱ्या उष्णकिरणांपैकी ९० टक्क्यांहून अधिक किरण परतवितो, आणि स्वतः तापला तरी फारच थोडे किरण बाहेर टाकतो. पडद्याचे सारे सामर्थ्य ह्या एका गुणात आहे.

परंतु ह्या गुणाला दोन अटी आहेत. पत्रा व पडदा ह्यांच्यामध्ये निदान एक इंच मोकळी जागा असली पाहिजे. पडदा पत्र्याला चिकटून बसविला, तर पत्र्याची उष्णता स्पर्शानेच त्यात उतरते व वरच्या बाजूची चकाकी वाया जाते. दुसरी अट चकाकी टिकण्याची. धूळ बसली, की त्या प्रमाणात पडद्याचा गुण कमी होतो. गोठ्यात धूळ असते, ओल असते, आणि मूत्रापासून निघणारा अमोनिया वायूही असतो. म्हणून कारखान्याच्या स्वच्छ छपराखाली पडदा जितका टिकतो, तितका तो गोठ्यात टिकेल असे धरून चालू नये.

आधी स्वस्त उपाय

पडदा उष्णतेला पत्र्याच्या आत आल्यावर अडवितो. पत्र्यावर बाहेरून दिलेला पांढरा चुना तिला वेशीवरच अडवितो. ताजा पांढरा चुना सूर्यप्रकाशाचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग परतवितो, तर गंजलेला पत्रा त्याचा मोठा भाग शोषून घेतो. अहमदाबाद शहरात मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर तेथे २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाची योजना आखण्यात आली, आणि पुढे २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा चुना देण्याचे काम हाती घेण्यात आले. शहराने जे छपरावर केले, ते खेड्यातील गोठ्यावरही करता येते.

चुना पावसाने धुऊन जातो, हा त्याचा दोष म्हणून सांगितला जातो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ह्यात फारसे नुकसान नाही. मार्चमध्ये दिलेला चुना ऐन उन्हाळाभर काम करतो, आणि थंडीत ऊब हवी असते तेव्हा तो छपरावर राहिलेला नसतो. चुन्यात चिकटपणासाठी डिंक किंवा सरस घालावा. मीठ घालण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. परंतु त्याने पत्रा गंजतो, म्हणून तो टाळावा.

वाऱ्याचा विचार चुन्याइतकाच महत्त्वाचा आहे. नवा गोठा बांधताना त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, वळचण आठ फुटांहून खाली आणू नये, आणि आढ्याजवळ गरम हवा बाहेर पडण्यास फट ठेवावी. जुन्या गोठ्याच्या बाजूच्या भिंती कमी करता येतात. पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा उसाचे पाचट पसरल्यानेही पुष्कळ फरक पडतो. मात्र हे सारे ज्वालाग्राही असल्याने चूल, वीजतारा व फटाके ह्यांपासून ते दूर असले पाहिजे.

हिशेब कसा मांडावा

पडद्यामुळे गोठा किती अंशांनी थंड झाला, हा प्रश्न विक्रेत्याच्या सोयीचा आहे. शेतकऱ्याने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : चुना व वारा ह्यांची सोय केल्यानंतर पडद्याने आणखी किती दूध वाचले? पत्रा चुन्याने आधीच कमी तापत असेल, तर पडद्याला अडविण्यास उष्णताही कमीच उरते. हा ‘आणखी’ फायदाच पडद्याच्या खात्यावर जमा धरावा.

उदाहरणादाखल, सहा संकरित गाईंचा ६०० चौरस फुटांचा गोठा घेऊ. पडद्याचा खर्च मजुरीसह चौरस फुटास २० रुपये धरला, तर एकूण १२,००० रुपये होतात. पडदा सहा वर्षे टिकेल असे धरले, तर दर वर्षाचा बोजा २,००० रुपयांचा. दुधाचा भाव लिटरला ३० रुपये धरल्यास हा बोजा भरून निघण्यास उन्हाळ्यात सुमारे ६७ लिटर दूध अधिक मिळाले पाहिजे. कडक उन्हाचे ७५ दिवस मोजले, तर हे प्रमाण गाईमागे रोज सुमारे १५० मिलिलिटर पडते. चुना दिलेल्या गोठ्यात एवढे दूध आणखी वाचत असेल तर पडदा लावावा. वाचत नसेल तर पैसे चाऱ्याला लावावेत.

आता त्याच गोठ्यात गाई दोनच आहेत व उरलेल्या जागेत कडबा आहे असे समजा. सबंध छपराला पडदा लावला, तर हेच प्रमाण गाईमागे रोज जवळजवळ ४५० मिलिलिटरवर जाते. कडब्याला उन्हापासून वाचविण्यासाठी ॲल्युमिनियमचा वर्ख विकत घेण्याचे काहीच कारण नाही. म्हणून पडदा लावावयाचाच झाला, तर तो जनावरे बांधतात तेवढ्याच भागावर लावावा. वर घेतलेले भाव गावोगाव बदलतील. प्रत्येकाने आपले आकडे घालून हा हिशेब पुन्हा करावा.

कोठे लावावा, कोठे लावू नये

होलस्टिन रक्ताच्या संकरित गाईंना साधारणतः २५ ते २७ अंशांच्या पुढे उष्णतेचा ताण जाणवू लागतो. त्या चारा कमी खातात व दूध उतरते. जेथे अशा गाई भर दुधात आहेत, छप्पर ठेंगणे आहे आणि ते उंच करणे शक्य नाही, तेथे पडदा खर्चास उतरू शकतो. देशी गाई व बैल उष्णता अधिक सहन करतात, आणि दुपारी त्यांना निंबाच्या सावलीत बांधता येते. झाडाच्या सावलीचे बिल येत नाही.

कुक्कुटपालनाची गोष्ट मात्र निराळी आहे. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. कडक उन्हात ती मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकते. लाटेच्या एका दुपारीत शेकडो पक्षी दगावू शकतात. पंखे व फवारे विजेवर चालतात, आणि वीज नेमकी त्याच वेळी जाते. विजेवाचून काम करणारे छपराचे संरक्षण अशा वेळी मोलाचे ठरते. मोठ्या कुक्कुटगृहाला चुन्याबरोबर पडद्याचाही विचार अवश्य करावा. पत्र्याच्या घरात तान्ही मुले, वृद्ध किंवा आजारी माणसे दुपारी राहत असतील, तर तेथेही हिशेब केवळ रुपयांत करू नये.

बसविताना

पडदा ताणून, मध्ये जागा सोडून, आढ्याकडे हवेला वाट ठेवून बसवावा. एकाच बाजूस चकाकी असेल, तर ती बाजू खाली करावी, म्हणजे तीवर धूळ कमी बसते. ॲल्युमिनियममधून वीज वाहते, हे कधीही विसरू नये. छपरातील सोललेल्या तारा आधी बदलून घ्याव्यात. उंदीर प्लास्टिक कुरतडतात, म्हणून कडा नीट बंद कराव्यात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या बाबतीत नुसता सल्ला देऊन थांबू नये. एखाद्या गोठ्याच्या अर्ध्याच छपराला मार्चमध्ये चुना द्यावा. काळा रंग दिलेल्या दोन सारख्या पोकळ डब्यांत तापमापक ठेवून ते दोन्ही भागांत जनावराच्या पाठीच्या उंचीवर टांगावेत, आणि दुपारी तीन वाजता शेतकऱ्यांसमक्ष आकडे वाचावेत. काळा डबा उष्णकिरण शोषून घेत असल्याने साध्या तापमापकाहून खरी स्थिती अधिक स्पष्ट दाखवितो. गाई मोकळ्या सोडल्या, तर कोणत्या भागात उभे राहावे हे त्या स्वतःच दाखवून देतील.

पहिल्या उन्हाळ्यात चुना, वारा व सावली ह्यांची सोय करावी आणि रोजच्या दुधाची वहीत नोंद ठेवावी. दुसऱ्या उन्हाळ्यात, ती वही पुढे ठेवून, पडद्याचा निर्णय करावा. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा स्वतःच्या वहीतील आकड्यावर विश्वास ठेवणारा शेतकरी सहसा फसत नाही.