कोळशाची वीज आणि आपली छाती

कोराडी-खापरखेड्याच्या आसपास राहणाऱ्या आपल्या आयाबहिणींना वाळत घातलेले कपडे झटकून मगच घडी घालावे लागतात. राख डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्याबद्दल बोलले तरी जाते. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला, तेव्हा राखेचे पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरलेले सगळ्यांनी पाहिले.

छातीचा खरा वैरी मात्र दिसत नाही. कोळसा जळताना गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, निघतो. उंच चिमणीतून तो दूरवर जातो आणि हवेतच त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत आणि तिथून रक्तात उतरतात. त्याने दमा बळावतो, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, गरोदर बाईचे बाळ कमी वजनाचे जन्मण्याची भीती असते.

या वायूवर मर्यादा घालणारा नियम केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये केला. मुदत होती दोन वर्षे. ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना गंधक अडवणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. कारण काय, तर आपल्या कोळशात गंधक कमी आणि हवेतला वायू मर्यादेत. मला हे पटत नाही. वायूचे कण बनून गेल्यावर नुसता वायू मोजून काय हाती लागणार? दहा लाखांवरच्या शहरांपासून 10 किलोमीटरच्या आतली केंद्रे सुटली नाहीत, हे चांगलेच. पण अकराव्या किलोमीटरवरच्या लेकराची छाती काय वेगळी असते?

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीच तर वीज हवी म्हटले होते. हो, म्हटले होते. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. वीज मुबलक आणि स्वस्त झाल्याशिवाय उद्योग नाही, आणि उद्योगाशिवाय गरिबाची सुटका नाही, ही त्यांची भूमिका. दामोदर खोऱ्याच्या योजनेत त्यांनी घातलेले लक्ष सर्वांना ठाऊक आहे. म्हणून आपण विजेच्या विरोधात जायचे कारण नाही. उन्हाळ्याच्या रात्री टिनाच्या घरात पंखा बंद पडला तर म्हाताऱ्या माणसाचे काय होते ते आपणच जाणतो.

प्रश्न आहे ती कशापासून बनवायची हा. देशातल्या वीजनिर्मितीच्या क्षमतेपैकी निम्मी आता कोळसा, तेल, वायूशिवायची आहे, ही 2025 मधली बातमी आपण अभिमानाने ऐकली. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतला सुमारे सत्तर टक्के वाटा अजून कोळशाचाच. सूर्य संध्याकाळी मावळतो आणि दिवे तेव्हाच लागतात. त्यासाठी साठवण हवी: बॅटऱ्या, किंवा घाटघरसारखे प्रकल्प, जिथे पाणी वर चढवून ठेवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करतात. हे तंत्र आपल्या राज्यात आहे. पैसा तिकडे वळवायचा की कोराडीत आणखी कोळशाचे संच उभारायचे, यावर वस्तीने बोलले पाहिजे.

छतावरच्या सौर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे. पण त्यासाठी स्वतःचे छप्पर लागते. पट्टा नसलेल्याने, भाडेकरूने, पत्र्याखाली राहणाऱ्याने काय करायचे? विहाराच्या किंवा शाळेच्या छतावर सामुदायिक पॅनेल बसवून त्याचा हिशोब घरोघरच्या बिलात वळता व्हावा, ही मागणी आपली असली पाहिजे. दुसरी मागणी राख हाताळणाऱ्या कंत्राटी कामगारांची. त्यांत आपली पोरे आहेत. संच बंद होण्याआधी त्यांना नवे काम आणि छातीची तपासणी मिळावी. कायम कामगारांची बदली होते, कंत्राटीला फक्त गेट बंद दिसते.

नव्या केंद्राची जनसुनावणी किमान 30 दिवस आधी जाहीर करावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मागता येतो. विहारात तो मोठ्याने वाचून घ्या, लेखी हरकती द्या.

आणि तोवर एवढे करा. घर कोरडे झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्या. सगळा खोकला राखेचाच, असे समजून बसू नका. डॉक्टरांना मात्र आपण वीजकेंद्राजवळ राहतो हे आवर्जून सांगा, कारण ते स्वतःहून विचारतीलच असे नाही.