बॅकअप आहे म्हणे!

"बॅकअप आहे ना, मग काळजी कसली?" हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. परवा आमच्या काकांची हार्ड डिस्क गेली. दर रविवारी न चुकता बॅकअप. नवी डिस्क बसवली आणि कळलं, सोसायटीच्या हिशेबाच्या फायली आहेत, पण त्या उघडणारा प्रोग्रामच नाही. त्याची सीडी कधीच हरवलेली. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत.

अहो, कोऱ्या डिस्कवर नुसत्या फायली ओतून मशीन उभं राहत नाही! पार्टिशनं, बूट, विंडोज, ड्रायव्हर, सगळं जसंच्या तसं लागतं. म्हणून अख्ख्या डिस्कची इमेज घ्यायची. क्लोनझिला फुकट मिळतं (हो, फुकट!). ते मात्र पेन ड्राइव्हवर ठेवा, मेलेल्या मशीनमध्ये नको.

आणि एकदा तरी ती इमेज परत चढवून बघा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअपच्या पाच तऱ्हा, ऐन वेळी एकही धड चालेना. सहा तासांपूर्वी एकाने चाचणीसाठी घेतलेल्या प्रतीवर निभावलं. ते तर संगणकवाले होते!

असो. जुनी डिस्क माझ्याकडे पडून आहे, रविवारी घेऊन येतो. दादा, तुझ्याकडेच.