स्नान ही संमती नव्हे

माउली, आळंदीच्या घाटावर इंद्रायणीत पांढरा फेस तरंगतो तो पावित्र्याचा नव्हे. तो घराघरांतल्या साबणपाण्याचा, मैल्याचा आणि कारखान्यांतून प्रक्रियेविना सोडलेल्या पाण्याचा आहे. इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते. पुण्याचे मैलापाणी मुळा-मुठेतून त्याच भीमेत येते. आणि भीमा म्हणजेच पंढरीची चंद्रभागा!

प्रदूषणाने होणारा आजार टळावा म्हणून लोक किती पैसे मोजायला तयार आहेत, यावरून त्यांच्या आरोग्याची किंमत ठरवण्याची अर्थशास्त्रात एक रीत आहे. या रीतीने वारकऱ्याचा हिशेब फार स्वस्तात होतो. लाखो लोक याच पाण्यात बुडी घेतात. म्हणजे त्यांना धोक्याचे काही वाटत नाही!

हा हिशेब खोटा आहे. मजुरी करून वारीला येणारी म्हातारी पदरात नसलेले पैसे कुठून मोजणार? पदर रिकामा म्हणून जीव स्वस्त होत नाही. ती स्नान करते ते नेमासाठी. नेम पाळला म्हणजे घाणीला संमती दिली, असे कोणी म्हणू नये.

आपल्यातही एक पळवाट आहे: ‘तीर्थ बाटत नाही, भाव शुद्ध हवा.’ भाव शुद्ध हवाच. पण जुलाब, कावीळ, विषमज्वर भाव पाहून येत नाहीत. असे सांगणाराही पिण्यासाठी बाटलीच विकत घेतो. ज्याला ती परवडत नाही, तो ओंजळीतले तीर्थ पितो. त्याचे दुखणे वारीनंतर गावी उमटते, मजुरी बुडवते आणि कोणत्याच हिशेबात येत नाही.

स्नानाच्या पाण्याचे सरकारी निकष आहेत. १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची संख्या ५०० पर्यंत असावी, २५०० च्या वर तर मुळीच नको. मग फडकऱ्यांनी, दिंडीप्रमुखांनी आषाढी-कार्तिकीपूर्वी एकमुखाने मागावे: आजच्या पाण्याचा आकडा घाटावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा. मैलापाणी कोणत्या नाल्यातून येते आणि ते कधी थांबणार, हेही त्याच फलकावर लिहा.

वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडतो, कारण समोरच्यात विठ्ठल दिसतो. त्या विठ्ठलाला मैल्यात उभे करून आपण गप्प राहणार असू, तर ते पाया पडणे कसले?

राम कृष्ण हरि!