लसीचे कार्ड कोण वाचते?

2022 च्या ऑक्टोबरमध्ये गोवंडीच्या रफीनगरमध्ये काही दिवसांत तीन लहान मुले दगावली. त्यानंतर महापालिकेने घरोघर शोध सुरू केला आणि गोवरचा उद्रेक उघड झाला. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण सापडले. हाच आजार 2023 पर्यंत देशातून हद्दपार करायचे सरकारने ठरवले होते.

त्या दिवसांत बातम्यांचा सूर एकच होता, ‘मुस्लीम वस्त्या लस घेत नाहीत.’ आपल्याकडून उत्तरही ठरलेले आले, ‘बदनामी चालली आहे.’ दोन्ही बाजूंनी बोलणे सोपे होते. करोनाच्या काळात नियमित लसीकरण मागे पडले, हे खरे. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसे राहतात, मुले कुपोषित असतात, भाड्याची खोली बदलली की लसीची नोंद मागेच राहते, हेही खरे. त्याच वस्तीत आशाताई दारात आल्यावर ‘बच्चा सो रहा है’ म्हणून परत पाठवणारी घरे आहेत, हेसुद्धा खरे. ही घरे अडाणी नाहीत, घाबरलेली आहेत. 27 नोव्हेंबर 2018 ला राज्यात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम सुरू झाली, तेव्हा या लसीने मुले पुढे निपुत्रिक होतील, असे संदेश मोबाइलवर फिरत होते. ते पुढे पाठवणारे बहुतेक शिकलेले होते.

या भीतीला सरकारचे उत्तर काय? 2021 मध्ये करोना लसीसाठी मुस्लीम वस्त्यांत सलमान खानची मदत घेऊ, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले होते. नट आवडतो म्हणून कुणी बाळाचा दंड पुढे करत नाही.

शंका जिलेटिनचीही आहे, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. या लसीत जिलेटिन वापरले जाते आणि ते डुकरापासूनही बनते. 1995 साली कुवेतमध्ये उलेमा आणि डॉक्टर यावर एकत्र बसले. मूळ पदार्थाचे रूप पूर्ण पालटले (इस्तिहाला) की तो पाक ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने 2018 मध्ये हे मानले नाही. लसीत डुकराचा अंश वापरला म्हणून ती हराम, पण दुसरी लस उपलब्ध नाही आणि न घेण्यात धोका आहे म्हणून जायज, असे त्यांनी सांगितले. ती लस आपल्या पुण्याच्या सीरमचीच होती. वाटा दोन, पण दोन्ही लसीपर्यंतच पोहोचतात. जुम्म्याच्या बयानात हे दोन मिनिटांत सांगता येईल. इमामसाहेबांना विनंती मात्र आपण करायला हवी.

‘गोवर सगळ्यांनाच येऊन जातो, अंगावर उठू द्या,’ असे दादी-नानी सांगतात. त्यांच्या लहानपणी लसच नव्हती. किती भावंडे गेली, तेही त्यांना विचारा. गोवरचा विषाणू रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकतो, आणि पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून पसरत असतो. तो न्यूमोनिया करतो, डोळे घालवतो, आणि आधीच्या आजारांशी लढून शरीराने कमावलेली ताकदही पुसतो. म्हणून मूल बरे झाले तरी पुढचे महिने जपावे लागतात. ताप आणि पुरळ दिसताच दवाखान्यात न्या. तिथे अ जीवनसत्त्वाचे डोस मिळतात. त्याने दृष्टी आणि जीव वाचतात.

साथ रोखायला शंभरातल्या 95 मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. पहिला 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान. सरकारी केंद्रात दोन्ही मोफत. बरीच घरे पहिल्यावरच थांबतात, कारण कार्ड गोदरेजच्या कपाटात असते आणि ते वाचता येणारे तुम्ही कॉलेजात. या रविवारी भाची-पुतण्यांची कार्डे बाहेर काढा. दुसऱ्या डोसची चौकट रिकामी दिसली तर तारीख उलटून गेली म्हणून गप्प बसू नका. पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस देतात. लसीकरणाचा वार आशाताईंना विचारा आणि भाभीसोबत स्वतः जा.