औदुंबर कुणाचा?

मराठी शिकवणाऱ्याला दरवर्षी एक प्रश्न हटकून येतो. ‘‘सर, या कवितेचा खरा अर्थ कोणता?’’ विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे परीक्षेचे गुण असतात हे खरे. पण प्रश्न मोठा अवघड! बालकवींची ‘औदुंबर’ शिकवताना तर फारच.

कविता अवघ्या ८ ओळींची. दोन्ही काठांवर हिरवळ, मधून झरा, टेकडीकडे इवलेसे गाव, डोहाकडे निघालेली पांढरी पायवाट, आणि पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. बस्स, एवढेच! पण या एका झाडाने मराठी समीक्षकांना किती लिहायला लावले! कुणाला तो विरक्त योगी वाटला, कुणाला त्या डोहात मृत्यू दिसला, तर कुणी बजावले की हे नुसते निसर्गचित्र आहे, उगीच खोल पाण्यात शिरू नका.

खरे म्हणजे जो तो आपले गाठोडे काखेत मारूनच त्या डोहाशी येतो. ज्याच्या घरी नृसिंहवाडीची वारी चुकत नाही, त्याला औदुंबर म्हटले की दत्ताच्या पादुका आठवणार. त्याला ते झाड ध्यानस्थ दिसले तर नवल काय? ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ बालकवी रेल्वेखाली सापडून गेले. वयाची २८ वर्षेही पुरी झाली नव्हती. हे ठाऊक असलेल्याला डोह अधिकच काळा दिसतो. कविता मात्र त्या अपघाताच्या आधीची!

मग ज्याला जे वाटेल तो अर्थ, असे समजायचे का?

मागे वर्गात इंदापूरकडचा एक मुलगा होता. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने देऊळ अजूनही वर येते. त्याच भागातला हा. कविता वाचून झाल्यावर म्हणाला, ‘‘सर, हे झाड गाव सोडायला तयार नाही.’’ मुले हसली. तो म्हणाला, ‘‘आजी सांगते, गाव उठलं तेव्हा आजोबा ओट्यावर असेच पाय सोडून बसले होते. उठेचनात.’’ वर्ग एकदम गप्प झाला.

मी विचारले, ‘‘पण पाण्यावरच्या त्या काळिम्याला कवी ‘गोड’ म्हणतो, त्याचे काय?’’

तो क्षणभर थांबला. ‘‘त्याच पाण्यावर आज आमचा ऊस आहे, सर.’’

बालकवींच्या मनात ना धरण होते, ना ऊस. हे त्या मुलालाही कळत होते. पण झाड उभे नाही, बसले आहे, ही गोष्ट वर्गात त्याच्याइतकी कुणीच मनावर घेतली नव्हती. अनुभव असा कवितेच्या शब्दांशी नेऊन भिडवावा. ‘गोड’ हा शब्द मृत्यू पाहणाऱ्यालाही आडवा येतो आणि योगी पाहणाऱ्यालाही. त्याला टाळून पुढे जाणारा स्वतःचीच कहाणी वाचत असतो. त्याच्यापाशी थांबणाऱ्याला कविता भेटते.

परीक्षेत त्या मुलाने गाइडातलेच उत्तर लिहिले. गुणही चांगले मिळाले. मला मात्र ती उत्तरपत्रिका तपासताना चुकल्या-चुकल्यासारखे वाटले.

वाचकहो, या दिवाळीत फराळाला सारे घर जमेल, तेव्हा या ८ ओळी मोठ्याने वाचा आणि प्रत्येकाला विचारा, ते झाड तिथे का बसले आहे? आजींना आधी बोलू द्या.