तोस्कानिनीची छडी

'कंडक्टर' म्हटलें कीं आमच्या कांहीं वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रथम मोटारगाडींत तिकिटें देणारा गृहस्थ उभा राहील. त्यांत त्यांचा दोष नाहीं; आपल्या संगीतांत हें पदच नाहीं. आपला गवई गातो, तबलजी व सारंगिया त्याच्या मागोमाग जातात, आणि पुढची तान कोणती हें पुष्कळदां गवयासही आधीं ठाऊक नसतें. युरोपांतील थोरल्या वाद्यवृंदांत शंभराच्या आसपास वादक बसतात. प्रत्येकापुढें त्याच्यापुरता लिहिलेला भाग असतो, आणि त्या सर्वांचा मेळ ज्याच्या हातच्या छडीवर अवलंबून तो मनुष्य स्वतः एकही वाद्य वाजवीत नाहीं. गेल्या महिन्यांत भाचीच्या घरीं अशा एका वृंदनायकाचें जुनें ध्वनिमुद्रण ऐकण्याचा योग आला, आणि त्याच्या चरित्रांत आम्ही आठ दिवस गुंतून पडलों.

आर्तुरो तोस्कानिनी हा इटलींतील पार्मा गांवच्या एका शिंप्याचा मुलगा. जन्म २५ मार्च १८६७ चा. नवव्या वर्षीं तो तेथील संगीतशाळेंत दाखल झाला व चेलो शिकला. चेलो म्हणजे गुडघ्यांमध्यें धरून वाजवावयाचें थोरलें व्हायोलिन. १८८६ सालीं एका इटालियन संगीतनाटक मंडळीबरोबर चेलोवादक म्हणून तो ब्राझीलला गेला. तेथें मंडळीचा आणि तिच्या वृंदनायकाचा बेबनाव होऊन नायकानें अंग काढून घेतलें. ३० जूनच्या रात्रीं रिओ दि जानेरो येथें व्हेर्दीच्या 'आयदा'चा खेळ होता. नायकाच्या जागीं जो उभा राहिला त्याची प्रेक्षकांनीं हुर्यो उडविली. नाट्यगृह असें चवताळलेलें असतां सहकाऱ्यांनीं ह्या एकोणीस वर्षांच्या पोराला पुढें ढकललें, कारण त्याला सबंध 'आयदा' मुखोद्गत आहे हें त्यांस ठाऊक होतें. तो व्यासपीठावर चढला, समोरचें पुस्तक मिटलें, आणि आरंभापासून अखेरपर्यंत सगळा खेळ त्यानें आठवणीनें पार पाडला. ह्या विजयानंतरही, १८८७ सालीं मिलानच्या स्काला नाट्यगृहांत 'ओतेल्लो'चा पहिला प्रयोग झाला तेव्हां, हा पुन्हा चेलो घेऊन वादकांच्या रांगेंत बसला होता. आम्हांस ह्याचें विशेष कौतुक वाटतें.

वैदिकांच्या घरांत वाढलेल्या वाचकांस नुसत्या पाठांतराचें नवल वाटणार नाहीं. पद, क्रम, जटा, घन म्हणणारे आम्हींही लहानपणीं ऐकले आहेत. परंतु वैदिकाच्या मुखांतून एका वेळीं एकच वर्ण निघतो. येथें एकाच क्षणीं वीस-वीस निरनिराळ्या ओळी चालत असतात, आणि कोणता वादक कोठें शिरणार हें सगळें डोक्यांत ठेवावें लागतें. मुळाशीं कारण मात्र साधें होतें. तोस्कानिनीची दृष्टि इतकी अधू होती कीं छडी फिरवितांना समोरचें पुस्तक त्यास नीट वाचतां येत नसे.

१८९८ सालीं स्काला त्याच्या हातीं आलें. त्यानें खेळाच्या वेळीं दिवे मंद करविले, बायकांस उंच टोप्या उतरावयास लावल्या, आणि 'वन्समोअर' बंद केला! वन्समोअरवर ज्यांच्या संगीत नाटकांच्या पिढ्या पोसल्या त्या आम्हां महाराष्ट्रीयांस हें अंमळ कठोरच वाटेल. मिलानकरांसही वाटलें. १९०३ मध्यें प्रेक्षकांनीं पुन्हा गाण्यासाठीं गोंगाट मांडला, तेव्हां हा खेळ अर्धाच टाकून चालता झाला व कांहीं वर्षें तिकडे फिरकला नाहीं. पुढें १९०८ ते १९१५ तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन नाट्यगृहांत होता.

आतां त्याच्या कोपाविषयीं. तालमींत चुकलेल्या वादकांवर तो शिव्यांचा भडिमार करी, छड्या मोडी, पुस्तकें भिरकावी. थोरांचा कोप म्हणजे तपाचें तेज, असें सुचविणारे चरित्रकार भेटले कीं आम्ही पुस्तक खालीं ठेवतों. आम्हीं चौतीस वर्षें शिक्षकी केली. छडी आमच्याही हातीं होती. एका हुशार पण भित्र्या विद्यार्थ्याचें शब्दरूप चुकलें म्हणून भर वर्गांत आम्ही त्यास असें कांहीं बोललों कीं पुढच्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें. त्याचा चेहरा अद्याप डोळ्यांपुढून जात नाहीं. तोस्कानिनीच्या वृंदांतून अपूर्व संगीत निघालें हें खरें. तें ओरडल्यावांचून निघालें नसतें, हें मात्र कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. त्याच काळचा ब्रूनो वाल्टर वादकांशीं सौम्यपणें वागे, आणि त्याची गणनाही थोरांतच होते.

परंतु हाच तापट मनुष्य सत्तेपुढें कसा उभा राहिला तें पाहिलें पाहिजे. १९१९ सालीं तो मुसोलिनीच्या पक्षातर्फे निवडणुकीस उभा राहून पडला होता. ही गोष्ट झांकण्यांत अर्थ नाहीं. मात्र त्या पक्षाचें खरें रूप दिसतांच तो त्याचा कट्टर विरोधक झाला. १४ मे १९३१ रोजीं बोलोन्या येथें कार्यक्रमाच्या आरंभीं पक्षाचें गीत वाजविण्यास त्यानें नकार दिला. नाट्यगृहाच्या दाराशीं काळ्या सदऱ्याच्या गुंडांनीं त्याच्या तोंडांत भडकावल्या. चौसष्ट वर्षांचा तो. वाजविलें नाहीं तें नाहींच. त्याचें पारपत्र काढून घेण्यांत आलें, घरावर पहारा बसला. १९३३ सालीं जर्मनींत यहुदी कलावंतांचा छळ सुरू झाला, तेव्हां वाग्नरच्या बायरॉइट येथील उत्सवास जाण्याचें त्यानें नाकारलें, आणि त्यासाठीं हिटलरचें पत्रही त्यास वळवूं शकलें नाहीं.

देशोधडीस लागलेल्या यहुदी वादकांचा एक वृंद ह्यूबरमान नांवाच्या व्हायोलिनवादकानें पॅलेस्टाइनमध्यें उभा केला. त्याचा पहिला कार्यक्रम २६ डिसेंबर १९३६ रोजीं तेल अवीव येथें तोस्कानिनीनें चालविला, आणि त्याबद्दल एक पैही घेतली नाहीं. त्याच वर्षीं मुंबईंत मेहली मेहता ह्या पारशी व्हायोलिनवादकाच्या घरीं झुबिनचा जन्म झाला. त्याच वृंदाचें नायकत्व पुढें कित्येक वर्षें, २०१९ पर्यंत, ह्या मुंबईकराकडे होतें.

१९३७ पासून न्यूयॉर्कमध्यें एका नभोवाणी कंपनीनें तोस्कानिनीसाठीं स्वतंत्र वृंदच उभारला, व तो त्यानें सतरा वर्षें चालविला. ४ एप्रिल १९५४ रोजीं कार्नेगी सभागृहांत सगळा कार्यक्रम वाग्नरचा होता. 'तानहॉयझर'मधील भाग चालू असतां सत्त्याऐंशी वर्षांच्या त्या वृद्धाचा हात मंदावला. रिओमध्यें ज्या स्मृतीनें त्यास तारलें होतें ती क्षणभर रिकामी झाली. नभोवाणीवाले घाबरले आणि त्यांनीं घरोघरच्या श्रोत्यांना ब्राम्सची एक ध्वनिमुद्रिका लावून दिली. सभागृहांत मात्र वादक थांबले नाहींत. वर्षानुवर्षें ज्यांनीं त्याच्या शिव्या खाल्ल्या त्यांनींच एकमेकांकडे पाहत ताल धरला, आणि थोड्या वेळानें म्हाताऱ्याचा हात पुन्हा चालूं लागला. कार्यक्रम संपल्यावर तो टाळ्या घेण्यास परत आला नाहीं. पुन्हा त्यानें लोकांपुढें छडी धरली नाहीं. १६ जानेवारी १९५७ रोजीं न्यूयॉर्क येथें तो निवर्तला, आणि त्याचा देह मिलानला नेण्यांत आला.